जुनं रायडिंग जॅकेट बदलताना: मापाचे, आर्मरचे आणि हवामानाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटरसायकलवर घालायचं पहिलं जॅकेट आपण बहुतेक रंग आणि किंमत बघून घेतो. दुसरं घेताना मात्र अंगाला काय बोचलं, कुठे वारा शिरला, कोणता खिसा कधी उघडलाच नाही, हे माहीत झालेलं असतं. हे प्रश्न अशा दुसऱ्या जॅकेटच्या वेळचे आहेत. आमच्या ग्रुपमधली मंडळी ते विचारतात आणि मी स्वतःही ते एकेकाळी विचारले होते.

जुनं जॅकेट बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

ते उलटं करून उन्हात धरा. खांद्यावरचं, कोपरावरचं कापड विरळ झालं असेल तर उजेड आरपार येतो. मग शिवणी बघा. शिवणीच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून ओढा. टाके दात विचकल्यासारखे दिसले किंवा दोरा तुटायला लागला, तर जॅकेट संपलं. घसरताना कापड फाटण्याआधी पुष्कळदा शिवण उसवते, म्हणून शिवणीकडे आधी लक्ष द्यावं.

रंग उडालेला असेल तर तेही गंभीरपणे घ्या. नायलॉन आणि पॉलिस्टर उन्हाने कमकुवत होतात. रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या आरशाला टांगलेलं जॅकेट चार उन्हाळ्यांत किती ऊन खातं, याचा विचार करा.

शेवटी आर्मर, म्हणजे खांद्या-कोपराच्या आतल्या खिशांत बसवलेले मार झेलणारे पॅड, खिशातून बाहेर काढा. दाबलं की पुन्हा फुगतं का? कडेला चिरा आहेत का? घामाने चिकट होऊन त्याचा भुगा पडायला लागलाय का? फक्त आर्मर गेलं असेल आणि कापड धड असेल, तर नवं जॅकेट घेऊ नका. खिशाच्या मापाचं नवं आर्मर वेगळं मिळतं.

एकदा पडलो होतो, पण जॅकेट वरून ठीक दिसतंय. तेच वापरू का?

कुठे घासलं ते आतून बघा. पॉलिस्टरची जाळी रस्त्यावर घासली की उष्णतेने वितळते, आणि थंड झाल्यावर तिथे चकाकणारा कडक डाग राहतो. बोटाला काचेसारखा गुळगुळीत लागतो. तो भाग दुसऱ्या वेळी टिकणार नाही. आर्मरने जोराचा मार खाल्ला असेल तर ते बदला, वरून काही दिसत नसलं तरी. उभ्या गाडीवरून नुसतं कलंडलात आणि कुठेच डाग नाही, तर काळजीचं कारण नाही.

तोच ब्रँड, तेच मॉडेल, तोच साईज पुन्हा मागवला तर?

सहा वर्षांपूर्वीचं ‘एल’ आणि आजचं ‘एल’ एकच असेल असं धरून चालू नका. कंपन्या मॉडेलचं नाव तेच ठेवून कटिंग बदलतात. आपलं अंगही बदललेलं असतं. शिवाय जुनं जॅकेट वापरून सैल झालेलं असतं आणि आपल्याला त्याचीच सवय असते, त्यामुळे योग्य मापाचं नवं जॅकेट पहिल्यांदा तंग वाटतं. अशा वेळी बरेच जण घाईने मोठा साईज घेतात. खाली सांगितलेल्या सगळ्या तपासण्या केल्याशिवाय ‘घट्ट होतंय’ असं ठरवू नका.

माप कसं घ्यायचं?

शिंप्याकडची टेप आणि मदतीला एक माणूस पुरे. अंगात पातळ टी-शर्ट असावा.

छाती बगलेखालून, सगळ्यात भरलेल्या जागी मोजा, श्वास नेहमीसारखा ठेवून. पोट बेंबीपाशी मोजा आणि ते आत ओढू नका. दंड हाताची मूठ आवळून मोजा, कारण व्यायाम करणाऱ्यांचं जॅकेट नेमकं तिथेच अडतं. बाहीसाठी कोपरात हात वाकवा आणि मानेच्या मागच्या मणक्यापासून खांद्यावरून, कोपरावरून मनगटाच्या हाडापर्यंत टेप न्या. हात सरळ ठेवून घेतलेलं माप गाडीवर आखूड पडतं. पाठीची लांबी खुर्चीत पुढे वाकून बसल्यावर मोजा.

ही मापं फोनमध्ये लिहून ठेवा. आणि कंपनीच्या तक्त्यात दिलेलं माप अंगाचं आहे की जॅकेटचं, हे आधी वाचा. या एका गोष्टीमुळे परत पाठवलेली जॅकेटं मी पाहिली आहेत.

युरोपियन जॅकेटवर ४८, ५०, ५२ असं लिहिलेलं असतं, ते काय?

पुरुषांच्या इटालियन मापात तो आकडा साधारण छातीच्या सेंटिमीटरच्या निम्मा असतो. छाती १०० सेंटिमीटर असेल तर ५०. बायकांच्या आकड्यांना हा हिशोब लागू नाही, आणि ते देशागणिक वेगळेही असतात. तिथे तक्ताच बघावा.

दुकानात घालून बघताना नेमकं काय तपासायचं?

आरशासमोर ताठ उभं राहून जॅकेट छान दिसतं, पण आपण ते तसं उभं राहून वापरत नाही. म्हणून स्वतःच्या गाडीने दुकानात जा, हेल्मेट आणि हातमोजे बरोबर ठेवा, आणि दुकानदाराला विचारून जॅकेट घालून बाहेर गाडीवर बसा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. मोबाईल आणि पाकीट त्याच्या हातात देऊन जायचं, प्रश्न मिटतो.

आधी सगळं बंद करा: चेन गळ्यापर्यंत, मनगटाचं वेल्क्रो, दंडाच्या आणि कमरेच्या पट्ट्या. आर्मर आत असलंच पाहिजे. आर्मर काढून घालून बघितलेल्या जॅकेटचं माप कळत नाही.

आता हँडल धरा. बाही मनगटाच्या हाडापर्यंत आली पाहिजे आणि हातमोजा तिच्यावर किंवा तिच्याखाली नीट बसला पाहिजे. मधे उघडी कातडी दिसली तर बाही आखूड आहे. कोपराचं आर्मर कोपराच्या टोकावर वाटीसारखं बसून पुढे हाताच्या खालच्या भागावर उतरलेलं हवं. ते दंडावर चढलं असेल तर साईज किंवा कटिंग तुमचं नाही.

मग सगळ्यात महत्त्वाची तपासणी. दुसऱ्या हाताने बाहीवरून ते आर्मर पकडा आणि कोपराभोवती फिरवायचा प्रयत्न करा. थोडं हलेल, ते ठीक. पण ते फिरून कोपराच्या आतल्या बाजूला गेलं, तर पडल्यावर रस्ता ते तसंच फिरवणार आहे. खांद्याचंही तेच. वाटीचा मध्य खांद्याच्या हाडावर हवा, छातीकडे किंवा पाठीकडे सरकलेला नको.

बरोबरच्या माणसाला बाही मनगटाकडून कोपराकडे ओढायला सांगा, मग मागून जॅकेटचा खालचा काठ वर ओढायला सांगा. घसरताना जॅकेट असंच वर सरकतं. बाही अर्ध्या हातावर आली किंवा पाठ उघडी पडली, तर ते जॅकेट ठेवून द्या. पँटला मागून जोडायची चेन असेल तर पाठीचा प्रश्न सुटतो. पण ती चेन असून कुणी लावत नाही, हेही मी बघतो.

हेल्मेट घालून मान दोन्हीकडे वळवा, मागून येणारी गाडी बघतो तशी. कॉलर गळ्याला टोचते का, हेल्मेटचा मागचा काठ पाठीच्या प्रोटेक्टरवर, म्हणजे पाठीच्या आर्मरवर, आपटतो का? पल्सर आरएससारख्या गाडीवर पुढे झुकल्यावर हे जाणवतं, रॉयल एनफील्डच्या क्लासिक किंवा हिमालयनवर ताठ बसून जाणवत नाही. म्हणूनच स्वतःच्या गाडीवर बसा, असं म्हणतो.

आणि हे सगळं झाल्यावर दहा मिनिटं तसेच बसा. बगलेत आवळत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर पुण्याहून कोल्हापूर गाठेपर्यंत काय होईल ते समजून घ्या.

आत स्वेटर घालता यावा म्हणून एक साईज मोठं घेऊ का?

नाही. हे उत्तर मी कोपर सोलून शिकलो.

माझं पहिलं जॅकेट याच विचाराने घेतलेलं होतं. हिवाळ्यात पहाटे निघायचं तर आत काहीतरी मावलं पाहिजे. जुलैमध्ये ताम्हिणी उतरताना एका वळणावर ओल्या पाल्यावर मागचं चाक सरकलं. वेग फार तर चाळीस. गाडीने डावी बाजू धरली आणि मी तिच्यामागे तीन-चार मीटर घसरलो. उठून पाहिलं तर कोपराचं आर्मर हाताच्या आतल्या बाजूला आलेलं, आणि कोपराखाली नुसतं कापड. कापड फाटलं नव्हतं, पण त्याच्या घासण्यानेच आतली कातडी सोलवटली. आर्मर लेव्हल दोनचं, म्हणजे वरच्या दर्जाचं होतं, महाग होतं, धड होतं. ते फक्त जागेवर नव्हतं.

थंडीसाठी पातळ थर्मल वापरा, ते जागा खात नाही. पहाटेचा वारा जॅकेटच्या वरून अडवा, पातळ विंडचीटरने किंवा रेनकोटने. आमच्याकडे नाशिक, महाबळेश्वरच्या डिसेंबरला एवढं पुरतं. लडाखला जाणाऱ्यांनी जॅकेटच्या आतली काढता-घालता येणारी अस्तरं घालून पाहूनच साईज ठरवावा, आणि अस्तरं काढल्यावर पट्ट्या आवळून आर्मर घट्ट बसतं की नाही, हे बघावं.

माझं पोट पुढे आहे आणि खांदे अरुंद आहेत. पोटाच्या मापाने घेतलं तर खांदे लोंबतात. काय करू?

माप खांद्याने आणि छातीने ठरवा, आणि पोटाला वाव देणारं मॉडेल शोधा. कमरेच्या बाजूंना पट्ट्या किंवा वाढवायची चेन असलेली टूरिंग जॅकेटं असतात. लांब कटिंगच्या जॅकेटमध्ये खालून वर उघडणारी दुहेरी चेन असली की बसल्यावर पोटावर ताण येत नाही. स्पोर्ट कटिंग कमरेला निमुळतं असतं, त्याच्या मागे लागू नका. पोटासाठी साईज वाढवला की आर्मर खांद्यावरून आणि कोपरावरून घसरतं. मार तिथेच बसतो.

बायकांनी पुरुषांचं लहान साईजचं जॅकेट घेतलं तर चालतं का?

दुकानात हेच पुढे केलं जातं, कारण बायकांच्या कटिंगचा माल ते कमी ठेवतात. पण पुरुषांच्या जॅकेटमध्ये छातीला बसलं तर खांदे रुंद पडतात, कंबर ढगळ राहते आणि खालचा काठ नितंबांवर अडकून बसल्यावर जॅकेट वर चढतं. बायकांच्या कटिंगची जॅकेटं भारतीय कंपन्याही करतात. थोडी वाट बघावी लागली, दुसऱ्या शहरातून मागवावं लागलं, तरी तेच घ्यावं. एकच मार्ग उरला असेल तर निदान कोपराचं आर्मर फिरवून बघण्याची तपासणी नक्की करा. बारीक दंडावर ती बहुतेक तिथेच नापास होते.

लेबलवर ए, एए, एएए असं असतं. त्याचा अर्थ?

हे ईएन १७०९२ या युरोपियन मानकाचे वर्ग आहेत. ते २०२० मध्ये आलं. कापडाचा तुकडा यंत्रावर गोल फिरवून काँक्रीटवर सोडतात आणि तो थांबेपर्यंत भोक पडतं का, ते बघतात. खांदा-कोपरासारख्या सगळ्यात धोक्याच्या भागासाठी ए वर्गाला साधारण ताशी ४५ किलोमीटर, एएला ७० आणि एएएला १२० किलोमीटर वेगाइतकी चाचणी असते. फाटण्याची आणि शिवणीच्या ताकदीचीही परीक्षा असते. बी वर्ग घर्षणात ए वर्गासारखाच, पण त्यात आर्मर नसतं. सी वर्ग म्हणजे आर्मर अंगावर धरून ठेवणारा जाळीचा अंगरखा. त्याला घर्षणाविरुद्ध भरवशाचं समजू नका, तो दुसऱ्या कपड्याबरोबर वापरायचा असतो.

आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय सक्तीचं आहे, जॅकेटला तशी सक्ती नाही. त्यामुळे ‘सीई’ (युरोपियन मानकाची खूण) जॅकेट म्हणून जे विकलं जातं, त्यात पुष्कळदा फक्त आर्मर सीईचं असतं आणि कापडाची कुठलीच चाचणी झालेली नसते. आत शिवलेलं लेबल बघा. त्यावर १७०९२ हा आकडा आणि वर्ग छापलेला असेल तरच जॅकेट प्रमाणित आहे. वर लोंबणाऱ्या पुठ्ठ्याच्या टॅगवर काय लिहिलंय, त्यावर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर हायवेवर जाणाऱ्याने एए बघावं. आपल्या उन्हात एएए घेऊन ते घरी ठेवण्यापेक्षा रोज अंगावर राहणारं एए बरं. शहरातल्या शहरात ए पुरतं.

आर्मरची लेव्हल एक आणि दोन यांत खरंच फरक असतो का?

असतो, आणि चांगला असतो. खांदा-कोपराच्या आर्मरवर ५० जूलचा ठोका देऊन पलीकडे किती बल पोचलं ते मोजतात. लेव्हल एकला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल दोनला २० पर्यंतच. पाठीच्या प्रोटेक्टरला हेच आकडे १८ आणि ९ आहेत. मानक ईएन १६२१. भाग एक हातापायांचा, भाग दोन पाठीचा.

आर्मरवर ‘टी’पुढे अधिक चिन्ह असेल तर ते ४० अंशांतही तपासलेलं आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या रायडरने हे चिन्ह आवर्जून शोधावं, कारण काही मऊ आर्मर उष्णतेत आणखी मऊ पडतं.

पाठीच्या खिशात पातळ स्पंज निघाला. तो प्रोटेक्टर आहे का?

नाही, तो जागा भरायला दिलेला फोम आहे. ए, एए, एएए वर्गाच्या जॅकेटला खांद्याचं आणि कोपराचं आर्मर लागतं, पाठीचं सक्तीचं नाही. म्हणून महागड्या जॅकेटमध्येही तो स्पंज सापडतो. खिशाच्या आकाराचा लेव्हल दोनचा प्रोटेक्टर वेगळा घ्या आणि तो घालूनच साईज बघा, कारण त्याची जाडी मापात धरावी लागते.

जाळीचं घ्यावं की बंद कापडाचं?

मुंबई, कोकण, गोवा इथे जाळीचंच. दमट हवेत वारा लागल्याशिवाय घाम वाळत नाही, आणि घामेजून वैतागलेला माणूस सिग्नलवर जॅकेटची चेन उघडी ठेवतो.

पण नागपूर-चंद्रपूरचा मे वेगळा आहे. तिथे पारा ४५ पार जातो. हवा अंगापेक्षा गरम झाली की जाळीतून येणारा वारा गारवा देत नाही, उलट तापवतो आणि अंगातलं पाणी ओढून घेतो. अशा वेळी पूर्ण जाळीपेक्षा हवेसाठी चेनने उघडबंद होणाऱ्या खिडक्यांचं जॅकेट बरं. खिडक्या थोड्याच उघडायच्या, आतला टी-शर्ट ओला करून घालायचा आणि दर तासाला तो पुन्हा भिजवायचा. शक्य असेल तर दुपारी बारा ते चार गाडी चालवूच नका.

पुण्यासारख्या ठिकाणी मधला मार्ग चालतो: छाती-पाठीला जाळी, खांदा-कोपराला जाड विणीचं कापड. जाळी घेताना एवढं बघा की खांदा, कोपर आणि हाताच्या खालच्या भागावर जाळी नाही.

पावसासाठी आतलं वॉटरप्रूफ अस्तर पुरतं का?

आंबोलीच्या किंवा महाबळेश्वरच्या पावसात नाही. अस्तर आत असतं, त्यामुळे आपण कोरडे राहतो पण बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्यात थंड पडतं. खिशातले कागद भिजतात. शिवाय पाऊस आल्यावर रस्त्याकडेला जॅकेट उतरवून अस्तर लावायचं, हे कुणी करत नाही. जॅकेटवरून घालायचा, एक साईज मोठा, भडक पिवळा किंवा नारिंगी रेनकोट घ्या. साईज मोठा घ्यायचा तो इथे.

लेदर घ्यावं का?

घर्षणाला चांगलं लेदर अजूनही अव्वल आहे, आणि वापरून ते अंगाप्रमाणे बसतं, म्हणून नवं घेताना थोडं तंगच हवं. पण आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या लेदरला बुरशी धरते. ट्रॅकवर जात असाल आणि निगा राखणार असाल तर जरूर घ्या. रोजच्यासाठी मी सुचवणार नाही.

ऑनलाईन मागवलं तर?

परत करायची मुदत आणि परतीचा खर्च कुणाचा, हे आधी वाचा. शक्य असेल तर दोन साईज मागवून एक परत करा. टॅग न काढता घरच्या पार्किंगमध्ये गाडीवर बसून वरच्या सगळ्या तपासण्या करा. लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांत स्वतःची उंची, वजन सांगणारे शोधा, बाकीच्यांचं ‘मस्त आहे’ उपयोगाचं नाही. मुंबईची रायनॉक्स आणि बंगळुरूची व्हायाटेरा यांच्यासारख्या भारतीय कंपन्यांची जॅकेटं शहरातल्या एखाद्या दुकानात घालून बघता येतात. आधी तिथे जाऊन या.

बाही थोडी लांब आहे. शिंप्याकडून कमी करून घेऊ का?

बाही कापली की कोपराच्या आर्मरची जागा हलते, आणि कारखान्यातली दुहेरी-तिहेरी शिवण उसवून त्या जागी साधा दोरा येतो. खांदा, कोपर, बाजूची शिवण यांना हात लावू देऊ नका. चेनचा रनर बदलणं, सैल वेल्क्रो नव्याने लावणं, आतल्या अस्तराचा फाटका खिसा शिवणं, एवढं खुशाल करून घ्या. कोपराचा खिसा काही जॅकेटांत वेल्क्रोने वरखाली करता येतो. शिंप्याकडे जाण्याआधी तो आहे का, बघा.

एअरबॅग पुढेमागे घेईन म्हणतो. आत्ताच साईज वाढवू का?

जॅकेटच्या वरून घालायची एअरबॅग (पडताना फुगून अंग वाचवणारा अंगरखा) घेणार असाल तर काहीच बदलायची गरज नाही. आतून घालायची असेल तर ती फुगायला जागा लागते. म्हणून जॅकेट घेताना ती घालूनच बघायला हवी, नाहीतर फुगलेली बॅग बरगड्यांवर दाब देते. अजून घेतलेली नसेल तर आजच्या अंगाचं जॅकेट घ्या.

जुन्या जॅकेटचं काय करू? कुणाला देऊन टाकू का?

कापड धड असेल आणि फक्त माप बदललं असेल तर जरूर द्या. पण ज्याला देताय त्याला घालायला लावून कोपराचं आर्मर फिरवून बघा. त्याला ते ढगळ होत असेल तर दुसरा कुणी शोधा.

पडलेलं, वितळलेलं, उसवलेलं जॅकेट मात्र कुणालाच देऊ नका. घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाला, वॉचमनला, ‘थंडीला होईल’ म्हणून दिलेलं जॅकेट तो गाडीवरच घालणार, आणि आत आर्मर आहे म्हणून निर्धास्त राहणार. चेनचे रनर, पट्ट्यांची बक्कलं आणि धड असलेलं आर्मर काढून ठेवा, मग कात्रीने दोन्ही बाह्या खांद्यापासून कापा आणि मगच ते कचऱ्यात टाका. कापड जाड असतं, साध्या कात्रीने हात दुखतो. पत्रा कापायची कात्री घेतली की दोन मिनिटांत होतं.